आगीनगाडीचे शौकीन

वाफेचे इंजिन रेल्वेच्या रोजच्या कामातून केव्हाच निघून गेले. पण त्याच्यावर जीव लावणारी माणसे अजून आहेत. ही माणसे काय करतात, एकमेकांना काय सांगतात आणि त्यांच्याकडून आपण काय घ्यावे, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत तुम्ही ज्याला 'शौक' म्हणता, त्याला मराठीत 'छंद' म्हणतात. छंद असणाऱ्या माणसाला मात्र मराठीतही 'शौकीन' म्हणतात. कोल्हापूरकडे तर 'कुस्तीशौकीन' हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. कोणी कुस्तीचा शौकीन असतो, कोणी गाण्याचा, तर कोणी अत्तराचा. काही माणसे वाफेच्या इंजिनाची शौकीन असतात. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

त्यासाठी प्रथम कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडला जाऊ. कागल तालुक्यात वेदगंगा नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. आजूबाजूला उसाची हिरवीगार शेते आहेत. मुरगूडला रेल्वे स्टेशन नाही. रेल्वे गाठायची असेल, तर एस.टी.ने कोल्हापूरला यावे लागते. तुम्ही विचाराल, मग रेल्वेची गोष्ट रेल्वे नसलेल्या गावापासून का सुरू करायची? याची दोन कारणे आहेत. पहिले कारण इतिहासातले आहे आणि दुसरे तुमच्या घरातल्या न्हाणीघरातले आहे!

आधी इतिहास पाहू. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईतील बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर होते ३४ किलोमीटर. गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. गाडी निघताना २१ तोफांची सलामी देण्यात आली. गाडी ओढायला तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावे होती साहिब, सिंध आणि सुलतान. ही नावे तुम्हांला अनोळखी वाटणार नाहीत. लोकांनी एवढे मोठे लोखंडी यंत्र आपल्या आपण धावताना कधी पाहिले नव्हते. पोटात आग घेऊन धावणारी ही गाडी म्हणून तिला मराठीत 'आगगाडी' किंवा 'आगीनगाडी' असे नाव पडले.

ही आगीनगाडी कोल्हापूरला आली, त्यात कागलच्या एका मुलाचा हात आहे. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. १८८४ मध्ये तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. हेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून प्रसिद्ध झाले. १८८८ मध्ये मिरज ते कोल्हापूर या रेल्वेमार्गाच्या कामाला त्यांच्याच हस्ते प्रारंभ झाला. तेव्हा त्यांना चौदावे वर्ष सुरू होते, म्हणजे ते जवळजवळ तुमच्याच वयाचे होते. १८९१ मध्ये कोल्हापूरला आगगाडी धावू लागली. पुढे १८९५ मध्ये स्टेशनाजवळ शाहूपुरी ही बाजारपेठ वसली. गुऱ्हाळांतून येणारे गुळाचे रवे या पेठेत उतरत आणि रेल्वेने दूरदूरच्या गावांना जात. म्हणजे मुरगूडच्या खोऱ्यात रूळ आले नाहीत, तरी तिथल्या उसाचे आणि रेल्वेचे नाते मात्र जुळले. कोल्हापूरच्या स्टेशनाला आज शाहू महाराजांचेच नाव आहे.

आता दुसरे कारण. कोल्हापूरकडच्या अनेक घरांत अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी तांब्याचा बंब असे. काही घरांत तो आजही आहे. तुम्ही बंब पाहिला असेल, तर वाफेचे इंजिन तुम्हांला निम्मे समजलेच म्हणून समजा. बंबाच्या मधोमध एक नळकांडे असते. त्यात खालच्या बाजूला जळण पेटवतात. धूर नळकांड्यातून वर जातो आणि नळकांड्याभोवती भरलेले पाणी तापते.

इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा ठेवलेला एक प्रचंड बंबच होय. फरक असा, की बंबात एकच नळकांडे असते, तर बॉयलरमध्ये अनेक लांब नळ्या असतात. मागे भट्टीत कोळसा जळतो. तिथला तप्त वायू या नळ्यांतून पुढे धुराड्याकडे जातो. नळ्यांभोवतीचे पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. बंबाचे तोंड मोकळे असते, म्हणून त्यातली वाफ निघून जाते. बॉयलर मात्र सर्व बाजूंनी बंद असतो. पाण्याची वाफ झाली, की तिला पाण्यापेक्षा शेकडो पट जास्त जागा लागते. ही जागा न मिळाल्यामुळे वाफ आत कोंडते आणि तिचा दाब वाढतो. हा दाब हीच इंजिनाची ताकद असते.

ही दाबलेली वाफ सिलिंडरमध्ये सोडतात. सिलिंडरमध्ये दट्ट्या असतो. वाफ त्याला एकदा पुढे ढकलते आणि एकदा मागे ढकलते. दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाक फिरवतो आणि गाडी चालू लागते. काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते. ती बाहेर पडते, तेव्हा 'झुक्' असा आवाज होतो. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत असा आवाज चार वेळा येतो. लहान मुले 'झुकझुक' म्हणतात, त्यामागे हे शास्त्र आहे. या वाफेचे आणखी एक काम आहे. ती बाहेर पडताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते. त्यामुळे भट्टीत ताजी हवा शिरते आणि आग फुलते. गाडी जितका जोर लावते, तितकी आग आपोआप भडकते. आहे की नाही गंमत?

वाचायला हे सोपे वाटते. पण इंजिन चालवणे मुळीच सोपे नव्हते. ड्रायव्हरच्या सोबतीला फायरमन असे. थंड पडलेले इंजिन तापवून तयार करायला कित्येक तास लागत. पहाटेची गाडी असेल, तर काही माणसांना रात्रभर जागावे लागे. फायरमन फावड्याने कोळसा टाकी. पण नुसता ढीग टाकून चालत नसे. कोळसा भट्टीत सगळीकडे सारखा पसरावा लागे. कोळसा कमी पडला, तर वाफ कमी होई आणि गाडी चढावर अडे. जास्त पडला, तर आग गुदमरे आणि नुसता काळा धूर निघे. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे घालणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ही कसरत तुमच्या लक्षात येईल. त्याचा हात जरा चुकला, तर काहिलीतला रस बिघडतो. फायरमनचे तर त्याहून अवघड! त्याच्या पायांखालची जमीन सतत हादरत असे. समोर भट्टीचा जाळ आणि बाहेर वारा, पाऊस किंवा ऊन.

बॉयलरमधल्या पाण्यावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागे. त्यासाठी काचेची एक नळी बसवलेली असे. पाणी कमी होऊन भट्टीचे छत उघडे पडले, तर ते छत तापून फुटण्याचा आणि मोठा अपघात होण्याचा धोका असे. म्हणून ड्रायव्हर आणि फायरमन या दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास लागे. एकाच्या चुकीची शिक्षा दोघांना आणि मागे बसलेल्या शेकडो प्रवाशांनाही भोगावी लागली असती.

मित्रांनो, वाफेच्या इंजिनाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. कोळशाच्या १०० भाग उष्णतेपैकी १० भाग उष्णताही गाडी ओढण्याच्या कामी येत नसे. बाकीची वाया जाई. धुरामुळे हवा खराब होई. खिडकीत बसलेल्या प्रवाशांच्या डोळ्यांत कोळशाचे कण जात आणि पांढरे कपडे काळे होत. काम करणाऱ्यांना चटके बसत. डिझेल आणि विजेची इंजिने आली, ती या त्रासातून सुटका करण्यासाठीच. १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉड गेजचे शेवटचे वाफेचे इंजिन तयार झाले. त्याचे नाव ठेवले 'अंतिम सितारा', म्हणजे शेवटचा तारा. १९७२ नंतर भारतीय रेल्वेसाठी अशी इंजिने बांधणेच थांबले. ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात जालंधर आणि फिरोजपूर यांच्या दरम्यान वाफेच्या इंजिनाची ब्रॉड गेजवरील शेवटची नियमित प्रवासी गाडी धावली.

जे यंत्र धूर सोडते, कोळसा वाया घालवते आणि माणसाला घाम गाळायला लावते, ते गेले तर वाईट का वाटावे? इथेच आपले शौकीन पुढे येतात.

शौकिनाची पहिली खूण म्हणजे त्याची वही. तो स्टेशनावर जातो आणि समोर आलेल्या इंजिनाचा क्रमांक वहीत लिहितो. त्याच्यासाठी तो नुसता आकडा नसतो. भारतीय इंजिनांवरील अक्षरे वाचायला तुम्हीही सहज शिकू शकता. पहिले अक्षर रुळांमधले अंतर सांगते. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉड गेज. रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. 'वाय' म्हणजे मीटर गेज. अंतर १००० मिलिमीटर. 'झेड' म्हणजे ७६२ मिलिमीटरचा नॅरो गेज आणि 'एन' म्हणजे त्याहून लहान, ६१० मिलिमीटरचा. वाफेच्या इंजिनांत दुसरे अक्षर बहुधा काम सांगते. 'पी' म्हणजे प्रवासी गाडीचे आणि 'जी' म्हणजे मालगाडीचे. आता सांगा पाहू, 'वाय.जी.' म्हणजे कोणते इंजिन? बरोबर! मीटर गेजवरचे मालगाडीचे इंजिन.

हे गेज पाहायला शौकीन मुद्दाम मिरजेला जात. पुणे, मिरज आणि कोल्हापूर हा मार्ग पूर्वी मीटर गेज होता. १९७१ मध्ये तो ब्रॉड गेज झाला. बेळगावकडे जाणारा मार्ग त्यानंतरही काही वर्षे मीटर गेजच राहिला. पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची गाडी नॅरो गेजवर धावे. ती मिरजेला १९२७ मध्ये पोहोचली होती. त्यामुळे तीन मापांचे रूळ एकाच स्टेशनावर पाहायला मिळत. आता तिथले सगळे मार्ग ब्रॉड गेज झाले आहेत. जुन्या शौकिनांच्या वह्या आणि छायाचित्रे यांत मात्र ते तिन्ही गेज शेजारी शेजारी आहेत.

शौकिनाची दुसरी खूण म्हणजे त्याला एकट्याने आनंद घेता येत नाही. फलाटावर दोन शौकीन भेटले, की ओळखपाळख नसली तरी बोलणे सुरू होते. एखादा बँकेतून निवृत्त झालेला कारकून असतो, एखादा शिंपी असतो, तर एखादा शाळेत शिकणारा मुलगा असतो. पहिला प्रश्न इंजिनाचा असतो. 'हे कोणत्या शेडचे?' मग शिटीवर बोलणे निघते. मग पूर्वीच्या प्रवासाच्या गोष्टी निघतात. चहा येतो. थोड्या वेळाने गुडघेदुखी, मुलीचे लग्न, नातवाचा निकाल असे विषय निघतात. निघताना एकमेकांचे पत्ते लिहून घेतले जातात. पुढे पत्रे सुरू होतात. पत्राची सुरुवात इंजिनाच्या क्रमांकाने होते आणि शेवट घरच्या मंडळींच्या खुशालीने होतो. कोणी छायाचित्र पाठवतो, कोणी जुने वेळापत्रक, तर कोणी पुठ्ठ्याचे जुने छोटे तिकीट. असे तिकीट तुमच्या घरी जुन्या पेटीत सापडले, तर फेकू नका. त्यावर कोणाच्या तरी प्रवासाची तारीख उमटलेली असेल.

या देवघेवीतून काही वेळा मोठी कामे उभी राहतात. विदर्भातील मूर्तिजापूर ते यवतमाळ या मार्गाची गोष्ट घ्या. तिथल्या नॅरो गेज गाडीला लोक लाडाने 'शकुंतला' म्हणत. १९२१ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे बनलेले एक वाफेचे इंजिन तिला सुमारे ७० वर्षे ओढत होते. एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. पुढे ती गाडीही बंद पडली. पण तिची छायाचित्रे आणि तिच्याविषयीच्या गोष्टी शौकिनांनी जपल्या. त्यामुळेच आज आपल्याला तिच्याविषयी इतके बोलता येते.

दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. त्यासाठी देशभर फिरून जुनी इंजिने शोधण्यात मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांचा मोठा वाटा होता. ते भारतात एका कंपनीत नोकरीला होते आणि इंजिने हा त्यांचा शौक होता. या संग्रहालयात 'फेअरी क्वीन' नावाचे १८५५ मधले इंजिन ठेवले होते. १९९७ मध्ये ते पुन्हा दुरुस्त करून रुळांवर चालवण्यात आले. त्याने दिल्ली ते अलवर प्रवासी नेले. १९९८ मध्ये नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हरियाणातील रेवाडी येथे वाफेच्या इंजिनांची जुनी शेड आहे. ती १८९३ मधली आहे. तिथे आता इंजिने जपली जातात. त्यांतील दोघांची नावे ऐका : 'अकबर' आणि 'आझाद'.

आपल्या पुण्यातही असा एक शौकीन होऊन गेला. त्यांचे नाव भाऊ जोशी. त्यांना छोट्या आगगाड्या बनवण्याचा छंद होता. कोथरूडमध्ये त्यांनी एक चिमुकले शहरच उभारले. त्यात रूळ, पूल, सिग्नल आणि स्टेशने आहेत. छोट्या गाड्या सिग्नल पाहून थांबतात आणि पुन्हा धावतात. १ एप्रिल १९९८ पासून हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. घरात बसून एकट्याने खेळता आले असते, पण भाऊंनी तो आनंद सर्वांना वाटला.

आता जरा परदेशात डोकावू. ब्रिटनमधील वेल्स या भागात टॅलिलिन नावाची एक लहानशी रेल्वे होती. डोंगरातील पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी ती बांधली होती. १९५० मध्ये तिचे मालक वारले आणि ती बंद पडणार असे दिसू लागले. तेव्हा टॉम रोल्ट हे लेखक आणि त्यांचे सोबती एकत्र आले. ते म्हणाले, आपण ही रेल्वे विनामोबदला चालवू. १९५१ मध्ये त्यांनी ती चालवूनही दाखवली. स्वयंसेवकांनी वाचवलेली आणि चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते. आठवडाभर शाळेत, दुकानात किंवा कचेरीत काम करणारी माणसे सुट्टीच्या दिवशी तिथे येतात. कोणी रूळ दुरुस्त करतो, कोणी तिकिटे देतो, तर कोणी इंजिन पुसतो. ही रेल्वे आजही चालते.

ब्रिटनमधलीच आणखी एक गोष्ट आहे. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे 'ए वन' नावाच्या जातीची ४९ इंजिने होती. ती सगळीच्या सगळी मोडीत निघाली. एकही उरले नाही. १९९० मध्ये काही शौकिनांनी ठरवले, की आपण या जातीचे नवे इंजिन बांधायचे. हजारो साध्या माणसांनी दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी दिली. जुने आराखडे एका संग्रहालयात जपून ठेवलेले होते. त्यांवरून एकेक भाग तयार होऊ लागला. पण बॉयलरपाशी गाडी अडली. एवढा मोठा बॉयलर बनवू शकेल असा कारखानाच तेव्हा ब्रिटनमध्ये उरला नव्हता. वाफेचे इंजिन ज्या देशात जन्मले, त्या देशातून ते कसब निघून गेले होते! शेवटी बॉयलर जर्मनीत बनवून आणावा लागला. २००८ मध्ये इंजिन पूर्ण झाले. त्याचे नाव ठेवले 'टॉर्नेडो', म्हणजे वावटळ.

या गोष्टीतून काय कळते? लोखंड मोडीत गेले, तरी आराखडे असतील, तर ते पुन्हा घडवता येते. पण हाताचे कसब एकदा गेले, तर ते सहज परत येत नाही. कसब पुस्तकात पूर्णपणे लिहिता येत नाही. भट्टीच्या जाळाचा रंग पाहून वाफ किती चढली हे ओळखणे, आवाज ऐकून दोष सांगणे, चढ येण्यापूर्वी किती कोळसा टाकायचा याचा अंदाज घेणे, हे सारे माणसाच्या अंगात असते. एकाने दुसऱ्याला सांगितले, दाखवले, तरच ते टिकते. म्हणून शौकिनांच्या गप्पा निरुपयोगी नसतात. इंजिन हे त्यांच्या बोलण्याचे निमित्त असते. खरे तर ते माणसांच्या मेहनतीची आठवण जपत असतात.

आता हिशेब करून पाहा. १९७५ मध्ये जो तरुण २० वर्षांचा फायरमन होता, त्याने २०२५ मध्ये सत्तरी गाठली. भारतात वाफेच्या इंजिनावर नोकरी केलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्यापैकी एखादे आजोबा तुमच्या मोहल्ल्यात असतील, मशिदीच्या ओट्यावर किंवा पाराखाली बसत असतील. कदाचित तुमच्याच घरात असतील. त्यांना कोणी काही विचारत नाही, म्हणून ते काही सांगत नाहीत. तुम्ही विचारा. 'आजोबा, पहाटेच्या गाडीसाठी तुम्ही किती वाजता उठायचात?' 'डब्यात भाकरी असायची का? ती कुठे बसून खायचात?' 'पावसात चढ कसा चढायचात?' 'घरी गेल्यावर हातांचा काळेपणा कशाने धुवायचात?' प्रश्न साधे असू द्या. मोठ्या माणसांचे मन साध्या प्रश्नांनीच उघडते. ते जे सांगतील, ते वहीत लिहा किंवा मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. ते उर्दूत बोलले तर उर्दूत लिहा, मराठीत बोलले तर मराठीत लिहा. मात्र एक पथ्य पाळा. छायाचित्रासाठी रुळांवर कधीही उतरू नका. खरा शौकीन फलाटाची पांढरी रेघ ओलांडत नाही.

आणि रेल्वेच हवी असे कुठे आहे? पुन्हा मुरगूडला चला. तिथे रेल्वे नाही, पण वाफ आहे. जवळच बिद्रीला साखर कारखाना आहे. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा जाळून साखर कारखान्यात वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर कारखान्याचे काम चालते. गुऱ्हाळे आता कमी होत चालली आहेत. काहिलीतला रस कोणत्या क्षणी उतरवायचा हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा गुळव्याही आता कमी आढळतो. त्याचे कसब कोण लिहून ठेवणार? तांब्याचे बंब बनवणारे आणि त्यांना कल्हई करणारे कारागीर किती उरले आहेत? आगीनगाडीच्या शौकिनांनी जे केले, ते मुरगूडच्या मुलाला गुऱ्हाळाबाबत करता येईल आणि मालेगाव-भिवंडीच्या मुलाला हातमागाबाबत करता येईल. आपल्या गावात जे काम विझत चालले आहे, त्याच्याजवळ जाऊन बसायचे, विचारायचे, लिहायचे आणि दुसऱ्याला सांगायचे.

कोंडलेल्या वाफेने गाडी चालते. पण ज्ञानाचे तसे नाही. ते कोंडून ठेवले, तर विरून जाते. वाटले, तरच पुढे चालते.

शब्दार्थ

न्हाणीघर – अंघोळ करण्याची खोली
बंब – अंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे भांडे
नळकांडे – गोल, लांब, पोकळ नळी
दट्ट्या – नळकांड्यात पुढे-मागे सरकणारा भाग
धुराडे – धूर बाहेर जाण्याची वाट
गुऱ्हाळ – उसापासून गूळ तयार करण्याची जागा
चुलवाण – गुऱ्हाळाची मोठी चूल
चिपाड – रस काढल्यावर उरलेला उसाचा सुका भाग
काहील – रस उकळण्याची मोठी पसरट कढई
गुळव्या – गूळ तयार करण्यात कुशल असलेला माणूस
मोडीत निघणे – निकामी म्हणून भंगारात जाणे
कसब – हुन्नर, हाताचे कौशल्य
डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे – फार सावधपणे लक्ष ठेवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारतातील पहिली प्रवासी गाडी ओढणाऱ्या इंजिनांची नावे कोणती?
(आ) मिरज ते कोल्हापूर या मार्गावर आगगाडी केव्हा धावू लागली?
(इ) 'अंतिम सितारा' हे नाव कोणत्या इंजिनाला दिले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बंब आणि इंजिनाचा बॉयलर यांत सारखेपणा कोणता व फरक कोणता?
(आ) फायरमनचे काम अवघड का होते?
(इ) 'टॉर्नेडो' इंजिनाचा बॉयलर जर्मनीत का बनवावा लागला?

३. तुमचे मत लिहा.
'वाफेची इंजिने बंद झाली हे योग्यच झाले, पण त्यांची आठवण जपणेही योग्य आहे.' तुम्हांला हे पटते का? का?

४. उपक्रम
तुमच्या ओळखीच्या एखाद्या वृद्ध कामगाराला किंवा कारागिराला भेटा. त्यांच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा. मिळालेली उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.